सव्वा महिन्याचं ताट

बाळंतिणीला काय खायला घालायचं हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नाही. आईनं केलं, आजीनं सांगितलं, सुईणबाईनं दटावलं, तसं आपण शिकलो. बाजरीची भाकरी, त्यावर तूप, शेपूची भाजी, लसूण-खोबऱ्याची चटणी, सकाळी हळिवाची खीर, जमलं तर डिंकाचे लाडू, जेवण झालं की बाळंतशेपा, ओवा आणि तीळ. हे कुठून आलं असं विचारलं तर आपण म्हणतो, "पूर्वीपासून चालत आलंय." आज आम्हाला त्या पूर्वीपासूनचीच थोडी चौकशी करायची आहे. कारण बैठकीत एकदा हा विषय निघाला आणि लक्षात आलं की बसलेल्या बारा जणींच्या घरची बारा ताटं वेगळी होती. मराठ्याच्या घरचं वेगळं, बौद्धवाड्यातलं वेगळं, तांड्यावरचं वेगळं, मोहल्ल्यातलं वेगळं.

आधी जुन्या ग्रंथांत काय आहे ते बघू. चरकसंहितेत बाळंतिणीसाठी सांगितलंय की तिला पचेल तेवढं तूप द्यावं आणि त्यात पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचं चूर्ण घालावं. पोटाला तेल-तूप चोळून मोठ्या कापडानं पोट बांधावं. मग पातळ पेज, आणि पाच-सात दिवसांनी हळूहळू ताकद वाढेल असा आहार. पोट बांधणं, सुंठ, तूप, पेज, हे सगळं आपल्याला ओळखीचं वाटतं ना? पण त्या यादीत मेथी नाही, हळीवही नाही. मेथी, हळीव, ओवा आणि कलौंजी या चार बियांचा गट 'चतुर्बीज' या नावानं भावप्रकाश या ग्रंथात येतो आणि तो साधारण सोळाव्या शतकातला, म्हणजे चरकाच्या मानानं अगदी अलीकडचा. आपण ज्याला बाळंतिणीचं अगदी मूळचं खाणं समजतो त्यातला काही भाग बाहेरून, हळूहळू आलेला आहे.

हळीवच घ्या. त्याचं मूळ पश्चिम आशिया आणि ईशान्य आफ्रिकेकडचं मानतात. अरबस्तानात आजही बाळंतिणीला हळीव देतात. तिकडे त्याला 'रशाद' म्हणतात. मेथीला 'हिल्बा' म्हणतात आणि तीही बाळंतिणीला देतात. हे बी व्यापाऱ्यांच्या गोणीतून आलं की कुणा बाईच्या पदराच्या गाठीतून, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण आज बीडच्या बाजारात किराणा दुकानदाराला "बाळंतिणीचं सामान द्या" म्हटलं की तो न विचारता हळिवाची पुडी काढतो.

डिंकाच्या लाडवाचं सामान तर आणखी लांबून येतं. खोबरं आपल्याकडे पिकत नाही, ते कोकणातून नाहीतर केरळातून. खारीक ही ओमानमधून, मस्कतच्या बाजूनं गलबतांनी मुंबईला यायची. तिकडे खजूर अर्धवट पिकलेला असतानाच पाण्यात उकळून उन्हात वाळवतात, त्याची ही खारीक. मुंबईहून ती पुढे बाजारपेठांत आणि तिथून आपल्याकडे. बीड शहराला परवापरवापर्यंत रेल्वे नव्हती, तेव्हा ही खारीक शेवटचा प्रवास बैलगाडीनंच करत असणार. लाडवातलं आपल्या रानातलं म्हणावं असं काय, तर बाभळीचा नाहीतर धावड्याचा डिंक आणि बिब्याची गोडंबी. गोडंबी खाताना ती काढणारणीची आठवण ठेवावी. बिब्याचं तेल उडून हात पोळतात, तोंडाला फोड येतात, आणि एवढं करून हातात येते ती मूठभर गोडंबी.

म्हणजे डिंकाचा लाडू हा गरिबाच्या घरचा पदार्थ कधीच नव्हता. तूप, खारीक, खोबरं, खसखस हे सगळं विकत घ्यायचं. ज्यांच्याकडे गोठा होता आणि गाठीला पैसा होता त्यांच्या घरी लाडवांचे डबे भरले. ग्रंथ लिहिणारेही तूपवाल्या घरातलेच. बाकीच्या घरांत काय होतं? हुलग्याचं माडगं होतं. बाजरीचं पीठ भाजून गूळ घालून केलेली पातळ लापशी होती. कोंबडीचा नाहीतर बकऱ्याच्या पायांचा रस्सा होता, आणि आम्हाला विचाराल तर अशक्त बाईसाठी तो रस्सा कुठल्याही लाडवाला हार जाणारा नाही. शेपू, लसणाची पात, शेवग्याचा पाला रानात फुकट होता. याची पुस्तकं झाली नाहीत, एवढंच.

तरी एका जुन्या ग्रंथात या वेगळेपणाची दखल आहे. काश्यपसंहिता हा बायका-लेकरांच्या आजारांवरचा ग्रंथ. त्याची पोथी नेपाळमध्ये सापडली आणि १९३८ साली छापली गेली. त्यात म्हटलंय की बाळंतिणीचा आहार तिचा देश आणि तिच्या घराची रीत बघून ठरवावा. परक्या देशांतल्या बायकांना मांसरस आणि कंदमुळं देतात, याचीही नोंद तिथं आहे आणि ती नाक न मुरडता केली आहे. आपल्याकडे अजूनही सून वेगळ्या गावची असली तर "तुमच्याकडे असलं खातात का" म्हणून टोमणा बसतो. त्यापेक्षा तो जुना वैद्य शहाणा म्हणायचा.

आता आपल्याच जिल्ह्यातली दुसरी रीत सांगतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. इथल्या मुसलमान घरांत बाळंतिणीला 'अछवानी' देतात. तुपात ओवा परतून त्यात गूळ, सुंठ, सुकामेवा घालून उकळलेलं ते गरमागरम पेय असतं. सहाव्या दिवशी छठी होते आणि चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात. आपल्याकडे पाचवीला सटवाई पुजतात आणि सव्वा महिना पाळतात. नावं वेगळी, ओवा तोच, सुंठ तीच. आमच्या गटातल्या दोघी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात. एकीच्या सुनेला अछवानी आणि दुसरीच्या लेकीला ओव्याचा काढा चालू होता, आणि सुंठ मात्र एकाच पाट्यावर कुटली जात होती.

थोडं देशाबाहेरही बघू. चीनमध्ये बाळंतपणानंतर बाई महिनाभर घराबाहेर पडत नाही, त्याला ते 'महिना बसणं' म्हणतात. गार पाणी नाही, गार वारा नाही, डोक्यावरून आंघोळ नाही. आपल्या आजीनं चीनमध्ये जाऊन नियम घालून दिले की काय, असं वाटावं इतकं सारखं. तिथल्या उत्तर भागात बाळंतिणीला राळ्याची पेज, लाल साखर आणि उकडलेली अंडी देतात. राळं म्हणजे आपलंच भरडधान्य. आपल्याकडे ते जवळपास रानातून गेलं, तिकडे ते बाळंतिणीच्या वाटीत टिकून आहे. दक्षिणेकडे डुकराचे पाय, आलं आणि गोडसर व्हिनेगर, म्हणजे शिरका, एकत्र शिजवतात. आलं-शिरक्याची तयारी बाळंतपणाच्या आधीपासूनच सुरू होते. नंतर ते शेजारीपाजारी वाटतात, आपण घुगऱ्या वाटतो तसं. पायांचा रस्सा इथंही आला, बघा.

कोरियात समुद्रातल्या शेवाळासारख्या वनस्पतीचं सूप देतात. तिथं एकवीस दिवस पाळायची रीत आहे. भात आणि हे सूप आधी सामशिन नावाच्या देवीपुढे ठेवतात. ती लेकरं देणारी आणि सांभाळणारी आजी. आपली सटवाई आणि ही सामशिन कुठं भेटल्या असत्या तर त्यांना बोलायला पुष्कळ विषय निघाले असते. आणि तिथली एक पद्धत आम्हाला फार आवडली. कोरियातली माणसं प्रत्येक वाढदिवसाला हेच सूप पितात. आपण जन्मलो त्या दिवशी आईनं काय खाल्लं याची आठवण वर्षातून एकदा त्यांच्या ताटात येते. आपल्याकडे वाढदिवसाला केक आला, हळिवाची खीर काही आली नाही.

थायलंडात पूर्वी बाळंतिणीला विस्तवाजवळ निजवायचे आणि केळफुलाचं कालवण द्यायचे. आपल्याकडे बाजेखाली शेगडी असते. इराणात पीठ तुपात भाजून साखर आणि केशर घालून 'काची' करतात, पंजाबात पंजिरी, गुजरातेत काटलं. गोव्यात मेथीची पेज. समुद्राच्या, डोंगराच्या, भाषेच्या एवढ्या आडकाठ्या असताना सगळीकडे बायकांनी तीन गोष्टी धरून ठेवल्या, त्या म्हणजे ऊब, पचायला हलकं पण ताकदीचं खाणं, आणि विसावा. तिसरी गोष्ट आपण बोलताना नेहमी विसरतो. लाडू आठवतो, बाज आठवत नाही.

आजचे डॉक्टर काय म्हणतात? आयसीएमआर ही आपल्या देशाची आरोग्य संशोधन संस्था सांगते की बाळाला पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणजे रोजच्या जेवणावर तूप लावलेल्या दोन भाकरी आणि वाटीभर वरण असं धरा. आजीचं "दोन जिवांचं खा" हे खरं बाळंतपणानंतर जास्त लागू पडतं. हळिवात लोह असतं, खिरीसोबत किंवा नंतर लिंबू घेतलं तर ते अंगी जास्त लागतं. महाराष्ट्रातल्या शंभरातल्या चौपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आलं. त्यामुळे हळीव खा, पण सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते, तीही घ्या. हळीव गोळीची जागा घेत नाही. आणि दिवस गेलेले असताना हळीव नको, हे जुन्या बायकाही सांगतात.

पण जुनं सगळंच सोनं आहे असं आम्ही म्हणणार नाही. बाळंतिणीला पाणी तोडायचं, घशाला कोरड पडली तरी दोन घोट द्यायचे, ही रीत वाईट. दुधाला पाणी लागतं. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचं आणि बाळाला मध चाटवायचा, हेही वाईट. आणि ही रीत नवी नाही बरं का. सुश्रुतसंहितेतही पहिले काही दिवस बाळाला मध-तूप चाटवायला सांगितलंय. ग्रंथात आहे म्हणून बरोबर, असं होत नाही. चीक हीच बाळाची पहिली लस आहे, तो तासाभरात पाजायचा, आणि वर्षाच्या आत मध नाही. बंद खोलीत शेगडी आणि धुरी करून माय-लेकरांना खोकवायचं, तेही बंद करू या. भाज्या, डाळी, फळं "वातूळ" म्हणून तोडणाऱ्या सासवांना आमचं एकच विचारणं आहे. तुमची आजी हुलग्याचं माडगं देत होती ना? हुलगा काय फळ आहे का?

आता विसाव्याबद्दल. सुश्रुतात बाळंतिणीचा काळ दीड महिना सांगितलाय. आपला सव्वा महिना, मुसलमान घरांत चाळीस दिवस. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि पैसे मिळावेत म्हणून विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. १९२९ साली तो कायदा झाला. भारतात असा कायदा पहिल्यांदा मुंबई इलाख्यात झाला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे आपल्या आज्यांना त्याचा उपयोग शून्य. पुढे १९६१ चा मातृत्व लाभ कायदा साऱ्या देशासाठी आला. त्यात लिहिलं होतं की बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर लावायचं नाही. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आजीचा सव्वा महिना आणि वर चार दिवस. २०१७ साली रजा वाढून २६ आठवड्यांची झाली.

असा कायदा कारखान्याला लागू, दुकानाला लागू. पण उसाच्या फडातल्या बाईचं नाव कुठल्या हजेरीपटावर असतं? उचल नवऱ्याच्या नावानं, हिशेब 'कोयत्या'चा, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. तिचा वेगळा हिशेबच नाही, मग रजा कुणाच्या नावानं टाकायची? दसरा झाला की आपल्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराईकडून गाड्या भरून निघतात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. या सहा महिन्यांत ज्यांचे दिवस भरतात त्या कोपीत बाळंत होतात. एक दिवस काम बुडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आठ-दहा दिवसांत बाई वाढे बांधायला बसते, महिन्याच्या आत तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढते. अंग बाहेर येतं, कंबर जाते, अंगावर पांढरं जातं. २०१९ साली गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तेव्हा सगळे दवाखान्यांबद्दल बोलले, आणि बोलायलाच हवं होतं. पण त्या पिशवीचं दुखणं सुरू कुठून होतं, तर न मिळालेल्या सव्वा महिन्यापासूनही होतं, हे आमच्या गटातल्या जुन्या तोडणीवाल्या बायका सांगतात.

दुष्काळाची गोष्टही त्याच सांगतात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना लाल मिलो आणि सुकडी आठवते. खडी फोडायच्या कामावर सुकडी वाटायचे. त्या वर्षी बाळंत झालेल्या बाईला लाडू कुठले? घरातल्या तिघा-चौघांच्या वाट्याची सुकडी तिच्या पदरात घातली जायची, तोच तिचा लाडू. घरात काही नसताना बाळंतिणीला आधी द्यायचं, एवढी समज त्या काळात होती.

ती समज मुलगी झाली की मात्र डळमळते. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलेबी, इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पण तिसरी मुलगी झाली म्हणून माहेरून बाळंतविडा आला नाही, सासूनं दहाव्या दिवशी भाकरी थापायला बसवलं, हे आम्ही आमच्या गावांत पाहिलंय. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. जन्माच्या आधीच मुली गेल्या हे आपण जाणतो. पण ज्या जन्मल्या त्यांच्या आयांच्या ताटातलं तूपही पातळ झालं, त्याची मोजदाद कुठल्या जनगणनेत होते?

सरकारी मदत काय आहे तेही सांगून ठेवतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला अंगणवाडीतून मोफत आहार हा हक्क आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आईच्या खात्यात येतात. खातं आईचं हवं, हे लक्षात ठेवा. अडचण होते ती फडावर गेलेल्यांची. नाव इथल्या अंगणवाडीत आणि पोट तिकडे कारखान्यावर. जाण्याआधी अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना गाठून माता-बाल संरक्षण कार्ड भरून घ्यायचं आणि ते पिशवीत वर ठेवायचं. ते दाखवून तिकडच्या अंगणवाडीत आहार आणि दवाखान्यात लस मागता येते. कार्ड नसेल तर तिथं आपण कुणीच नसतो.

आमच्या गटानं गेली काही वर्षं दिवाळीत डिंकाचे लाडू विकले. शहरात चांगला भाव येतो. गेल्या वर्षी एका बाईनं बैठकीत विचारलं, "आपण लाडू करतो, आपल्या बाळंतिणी कोरड्याच जातात, हे कसं?" त्यावर पुष्कळ बोलणं झालं, थोडं भांडणही झालं. शेवटी ठरलं की दसऱ्याआधी गावातून फडावर जाणाऱ्या ज्या बायांना दिवस आहेत, त्यांच्यासाठी वेगळा डबा करायचा. त्यात खारीक-खोबरं कमी, बाजरीचं आणि हुलग्याचं भाजलेलं पीठ जास्त, गूळ, शेंगदाणे, हावरी, थोडा डिंक, थोडी गोडंबी, सुंठ. तूप परवडेल तेवढंच, बाकी शेंगदाण्याचं तेल. दोन किलोचा डबा, महिनाभर टिकतो, आणि गरम पाण्यात कालवून लापशीही होते. हळिवाची पुडी वेगळी बांधून द्यायची, "बाळंत झाल्यावरच फोड" असं बजावून. खर्च गटाच्या नफ्यातून.

गेल्या दसऱ्याला असे सात डबे गेले. पाडव्याला बाया परतल्या तेव्हा कळलं की दोन डबे फडावर पोचल्या पोचल्या सगळ्या कोपीनं मिळून संपवले. लेकरं भुकेली होती. यंदा डब्यासोबत लेकरांसाठी वेगळी पुरचुंडी द्यायची असं ठरतंय, आणि मुकादमाला गाठून बाळंतिणीचे निदान एकवीस दिवस खाडा धरू नये हे बोलायचंही ठरतंय. मुकादमाकडे कोण जाणार, यावर पुढच्या बैठकीत बोलणं आहे. तुमच्या गावात असं कुणी केलं असेल तर आम्हाला कळवा.